बॉल पायथनचा मॉर्फ खुणांवरून कसा ओळखावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉल पायथनचा एक फोटो आणि त्याखाली "हा कोणता मॉर्फ?" एवढाच प्रश्न, असे संदेश मला बोरिवलीपासून पनवेलपर्यंतच्या लोकांकडून सतत येत असतात. बहुतेकांकडे मी उलट सापाच्या पोटाचा फोटो मागतो, आणि तो कशासाठी हवा हे दर वेळी नव्याने समजावण्यापेक्षा सगळे एकदा नीट लिहून ठेवावे म्हणून हे पान तयार केले आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मॉर्फ म्हणजे सापाची वेगळी जात असते का?

नाही. सगळे बॉल पायथन एकाच प्रजातीचे असतात आणि तिचे शास्त्रीय नाव पायथन रेजियस असे आहे. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या पट्ट्यात आढळणारा हा साप घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखे वेटोळे करतो, त्यावरून त्याला हे नाव पडले. ब्रिटनमध्ये त्यालाच रॉयल पायथन म्हणतात. रंग किंवा नक्षी ठरवणाऱ्या जनुकात बदल झाला आणि तो बदल पिल्लांत ठरावीक प्रमाणात उतरतो असे प्रजननातून सिद्ध झाले, की त्या दिसण्याला मॉर्फ म्हणून नाव मिळते. अमेरिकेतील बॉब क्लार्क यांनी १९९२ मध्ये अल्बिनो बॉल पायथनची पैदास करून दाखवली, १९९७ मध्ये पीटर काल यांनी पायबॉल्ड, म्हणजे कबरा मॉर्फ, सिद्ध केला, आणि त्यानंतर एकेका जनुकाची भर पडत आज त्यांच्या जोडण्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली आहे.

पुढची उत्तरे समजण्यासाठी तीन शब्द माहीत असावेत. अप्रभावी जनुकाच्या दोन प्रती असतील तरच साप वेगळा दिसतो. एकच प्रत असलेल्या, दिसायला साध्या सापाला हेट म्हणतात. प्रभावी जनुकाची एकच प्रत पुरते. अपूर्ण प्रभावी जनुकाची एक प्रत असताना साप एका प्रकारे दिसतो आणि दोन प्रती असताना अगदी निराळा दिसतो. या दोन प्रतींच्या सापाला पाळणारे सुपर म्हणतात.

२. साधा, म्हणजे नॉर्मल बॉल पायथन कसा दिसतो?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरे तर तो सर्वांत आधी विचारायला हवा, कारण मॉर्फची प्रत्येक खूण ही साध्या सापापासूनची फारकत असते. साध्या सापाची भूमी, म्हणजे नक्षीखालचा मूळ रंग, गडद तपकिरी ते काळी असते. तिच्यावर दोन्ही कुशींना मातकट सोनेरी रंगाचे मोठे गोलसर ठिपके असतात आणि त्या ठिपक्यांच्या आत बहुधा दोन काळे टिपके असतात. एकूण आकार परग्रहवासीयाच्या काल्पनिक चेहऱ्यासारखा दिसतो, म्हणून त्याला एलियन हेड म्हणतात. डोक्याचा वरचा भाग गडद असतो, नाकपुडीपासून डोळ्यावरून मानेकडे फिकट पट्टा जातो, डोळे काळसर असतात, आणि पोट पांढरे किंवा साईच्या रंगाचे असते.

साध्या सापांतही फरक असतातच. काही जास्त पिवळे असतात, काहींच्या पाठीवर तुटक पट्टा असतो. एवढ्यावरून त्यांना मॉर्फ म्हणता येत नाही.

३. आमच्या सोसायटीच्या आवारात ठिपक्यांचा जाड साप दिसला. तो कोणाचा तरी सुटलेला बॉल पायथन असेल का?

असे गृहीत धरून त्याला हात लावू नका. मुंबई परिसरात जाड अंगाचा, ठिपक्यांचा साप घोणस असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि घोणस अत्यंत विषारी आहे. घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे लंबगोल ठिपके तीन रांगांत असतात, खवले खरबरीत व निस्तेज असतात आणि डिवचल्यास ती कुकरच्या शिटीसारखा मोठा फूत्कार काढते. आपल्याकडचा अजगरही दिसू शकतो. त्याच्या डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण असते, आणि त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. खुणा जुळवत जवळ जाण्यापेक्षा लांबून लक्ष ठेवावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. या पानावरील बाकीची उत्तरे, साप बॉल पायथनच आहे हे आधीच ठाऊक असलेल्यांसाठी आहेत.

४. एका फोटोवरून मॉर्फ सांगता येईल का? फोटो कसा काढू?

ठळक मॉर्फ सांगता येतात, पण सूक्ष्म मॉर्फ एका फोटोवरून सांगणारा माणूस अंदाजच करत असतो. फसवणूक सर्वांत जास्त प्रकाश करतो. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली साधा सापही सोनेरी दिसतो आणि पांढऱ्या एलईडीखाली उबदार छटा मरून जाते. एकदा अशाच पिवळ्या प्रकाशातल्या फोटोवरून मी एका सापाला बेधडक पेस्टल (उजळ पिवळसर मॉर्फ, क्रमांक ८) म्हणून मोकळा झालो होतो. पंधरा दिवसांनी त्याच सापाचा गॅलरीतला दिवसाचा फोटो आला आणि साप शंभर टक्के साधा निघाला. तेव्हापासून मी पहिल्या फोटोवर मत देत नाही.

साप कात टाकून झाल्यावर दोन-तीन दिवसांत फोटो काढावा. कात येण्याआधी त्वचा राखाडी होते आणि डोळे दुधाळ निळे दिसतात. त्या अवस्थेतले अनेक साधे साप मला "निळ्या डोळ्यांचा दुर्मीळ मॉर्फ" म्हणून पाठवले गेले आहेत. खिडकीजवळ, थेट ऊन टाळून, फ्लॅश बंद ठेवून फोटो घ्यावा. पावसाळ्यातला ढगाळ उजेड यासाठी उत्तम असतो, कारण तो सगळीकडे सारखा पसरतो. सापाशेजारी साधा पांढरा कागद ठेवला, तर पाहणाऱ्याला फोटोतल्या रंगाची झुकती बाजू लगेच कळते. वरून पूर्ण साप, एक कूस, डोके वरून, डोळा बाजूने, आणि पोट गुदद्वारापर्यंत, असे पाच फोटो हवेत. फिल्टर नको, हे वेगळे सांगावे लागू नये, पण लागते.

५. सापाकडे पाहताना सुरुवात कुठून करायची?

रंगापासून करू नका, हे माझे ठाम मत आहे. रंग वयाने, प्रकाशाने आणि कातीने बदलतो. नक्षीची रचना मात्र पिल्लू अंड्यातून निघताना जशी असते तशीच बहुतांशी आयुष्यभर राहते. म्हणून मी आधी डोळे पाहतो, मग अंगावर खरा काळा रंग कुठे तरी शिल्लक आहे का ते पाहतो, त्यानंतर नक्षीची रेषा आडवी जाते की लांबीच्या दिशेने जाते ते तपासतो, मग डोके आणि पोट. अंगाचा रंग सर्वांत शेवटी, तोही आधीच्या खुणांशी जुळतो की नाही एवढ्यापुरता.

६. लाल डोळे असले म्हणजे अल्बिनोच ना?

तसे नेहमीच नसते. नेहमीच्या अल्बिनोमध्ये मेलॅनिन हे काळा रंग देणारे द्रव्य तयारच होत नाही, त्यामुळे काळा भाग पांढरा होतो, सोनेरी भाग हळदीसारखा पिवळा राहतो, आणि डोळे स्पष्ट लाल ते गुलाबी दिसतात. लॅव्हेंडर अल्बिनोमध्ये पांढऱ्याच्या जागी फिकट जांभळी भूमी असते आणि डोळे माणकासारखे गडद लाल असतात. अल्ट्रामेलमध्ये काळ्याची जागा जांभळट तपकिरी रंग घेतो, बाकी अंग कॅरामेलसारखे राहते, आणि डोळ्यांचा लालपणा इतका गडद असतो की तो कमी उजेडात लक्षातही येत नाही.

हे तिन्ही वेगवेगळ्या जनुकांचे परिणाम आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात अल्बिनोचा संबंध टायरोसिनेज या विकराच्या जनुकाशी लागला, तर लॅव्हेंडर आणि अल्ट्रामेल यांचा संबंध मेलॅनिन बनवण्याच्या प्रक्रियेतील दुसऱ्या दोन जनुकांशी लागला. त्यामुळे अल्बिनो आणि लॅव्हेंडर यांच्या जोडीतून साधी दिसणारी पिल्ले येतात, आणि ते पाहून पाळणारे चक्रावतात.

कँडी आणि टॉफी यांचा प्रकार निराळा आहे. ते अल्बिनोच्याच जनुकाचे सौम्य रूप आहेत, म्हणून एक प्रत अल्बिनोची आणि एक कँडीची असली तरी साप वेगळा दिसतो. त्याला कँडिनो म्हणतात. डोळे लाल आणि अंगावर पिवळा रंग जवळजवळ नाहीच, असा पांढरा साप दिसला, तर तो स्नो असू शकतो. त्यासाठी क्रमांक ९ आणि १४ पाहावेत.

७. बनाना आणि लॅव्हेंडर यांत माझा नेहमी गोंधळ होतो. नेमकी खूण कोणती?

ठिपके. बनाना म्हणजेच कोरल ग्लो मॉर्फमध्येही जांभळट भूमीवर पिवळी-नारिंगी नक्षी असते, पण वाढत्या वयाबरोबर अंगभर बारीक काळे ठिपके उमटत जातात. वेलची केळे टोपलीत चार दिवस राहिल्यावर दिसते, अगदी तसे. लॅव्हेंडरवर असे ठिपके येत नाहीत. अडचण एवढीच की अंड्यातून नुकत्याच निघालेल्या बनानाच्या अंगावरही ते नसतात, त्यामुळे पिल्लाच्या बाबतीत डोळ्यांचा माणिकलाल रंग आहे की नाही हे पाहावे, आणि शंका राहिल्यास काही महिने थांबावे.

बनानाचे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्राशी जोडलेले आहे. बनाना बापापासून आलेला बनाना नर प्रामुख्याने नर बनाना पिल्ले देतो आणि बनाना आईपासून आलेला नर प्रामुख्याने माद्या देतो. हा भेद मात्र दिसण्यावरून कळत नाही.

८. माझा साप चांगला पिवळा आहे. दुकानदार पेस्टल म्हणतो, मित्र साधा म्हणतो. ठरवायचे कसे?

मला येणाऱ्या संदेशांत हा प्रश्न सर्वाधिक वेळा असतो. पिवळेपणा बाजूला ठेवून काळ्या भागाकडे पाहावे. पेस्टलमध्ये काळ्या पट्ट्यांच्या मध्यभागी रंग विरघळल्यासारखा फिकट, राखाडी-तपकिरी होतो आणि कडा मात्र गडद राहतात. याला ब्लशिंग म्हणतात. त्याबरोबर ओठांचे खवले फिकट असतात, डोक्याचा वरचा भाग धुरकट असतो आणि डोळ्यांना हिरवट झाक असते. यांतल्या किमान तीन खुणा एकत्र दिसल्या तर मी पेस्टल म्हणतो. नुसता पिवळेपणा आणि भरीव काळे पट्टे असतील, तर तो देखणा साधा साप आहे, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

वय येथे आडवे येते. पेस्टल मोठा होताना तपकिरी पडत जातो, त्यामुळे चार-पाच वर्षांच्या पेस्टलला लोक साधा समजतात. ब्लशिंग आणि डोळे तेव्हाही साक्ष देतात. सुपर पेस्टलमध्ये ब्लशिंग इतके वाढते की काळा भाग जांभळट राखाडी होतो आणि डोके फिकट जांभळे दिसते. एंची या मॉर्फशीही गल्लत होते, पण एंचीचा झुकाव जर्दाळूच्या नारिंगी रंगाकडे असतो आणि त्याची कुशीवरची नक्षी कमी व नेटकी झालेली असते.

९. पूर्ण पांढरा साप कोणकोणत्या मॉर्फचा असू शकतो?

डोळे पाहिल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. निळे डोळे आणि पांढरे अंग असलेला साप मोजावे, लेसर, बटर, रूसो आणि त्यांच्या भाऊबंदांच्या गटातून येतो. ही सगळी एकाच जनुकाची वेगवेगळी रूपे आहेत, म्हणून त्यांतल्या कोणत्याही दोघांच्या एकेका प्रतीतून सुपर रूप तयार होते. सुपर लेसर स्वच्छ पांढरा असतो आणि त्याचे डोळे काही वेळा बटबटीत, बाहेर आलेले असतात. सुपर मोजावेच्या डोक्यावर राखाडी-जांभळी छटा असते आणि ती पिल्लात अधिक उठून दिसते. एकाच गटातले असूनही सगळे पांढरेच निघतात असे नाही. मोजावे आणि मिस्टिक यांच्या जोडीतला मिस्टिक पोशन जांभळट, नक्षीदार असतो आणि मोजावे व फँटम यांचा पर्पल पॅशनही तसाच दिसतो.

काळे डोळे असतील तर दोन शक्यता ठळक आहेत. सुपर फायरचे अंग पांढरे असून त्यावर कुठे कुठे पिवळे डाग असतात. यलोबेलीच्या दोन प्रतींतून येणारा आयव्हरी हस्तिदंताच्या रंगाचा असतो आणि त्याच्या पाठीच्या मध्यभागी अस्पष्ट पिवळसर रेघ असते. ती दिसली की नाव निश्चित होते. लाल डोळ्यांचा पांढरा साप बहुधा स्नो, म्हणजे अल्बिनो आणि अ‍ॅक्झँथिक (पिवळा रंग नसलेला मॉर्फ, क्रमांक १४) यांची जोडणी, असतो. डोके रंगीत आणि बाकी अंग पांढरे असेल तर क्रमांक ११ वाचावा.

१०. एकाच प्रतीचे मोजावे, लेसर आणि बटर वेगळे कसे ओळखावेत?

मोजावे ओळखणे सोपे आहे. त्याच्या कुशीवरच्या ठिपक्यांत दोनऐवजी बहुधा एकच काळा टिपका असतो, त्यामुळे तो आकार जुन्या कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखा दिसतो. पोटाकडून वर ज्वाळेसारखे फिकट ओघळ चढतात आणि भूमी चॉकलेटी, किंचित शेवाळी असते. लेसर त्यापेक्षा उजळ, कॅरामेलसारखा तपकिरी असतो आणि त्याचे डोके फिकट असते. बटर आणि लेसर यांत डोळ्यांनी भेद करता येत नाही. नावे दोन वेगवेगळ्या पैदासकारांच्या वंशांवरून पडली, साप व्यवहारात एकच समजले जातात.

११. पायबॉल्डमध्ये पांढरा भाग किती असायला हवा?

किती असावा असे बंधन नाही. काही पायबॉल्ड ऐंशी-नव्वद टक्के पांढरे असतात, तर काहींच्या अंगावर शेपटीजवळ वीतभरही पांढरे नसते. खूण पांढऱ्या भागात नसून रंगीत भागात आहे. पायबॉल्डच्या रंगीत तुकड्यांवर एलियन हेड जवळजवळ नाहीसे होऊन त्याजागी पाठीच्या दोन बाजूंना लांबीच्या दिशेने गडद समांतर पट्टे येतात, आणि डोके नेहमी रंगीत असते. गायीला आपण कबरी म्हणतो तसा हा कबरेपणा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचा संबंध टीफेक नावाच्या जनुकाशी जोडला.

अपवाद जोडण्यांमध्ये येतो. पायबॉल्डबरोबर स्पायडरचे जनुक असेल, तर बहुतेक वेळा संपूर्ण अंग पांढरे आणि फक्त डोके रंगीत असा साप निघतो.

१२. स्पायडर आणि पिनस्ट्राइप दोन्हींत बारीक रेघा असतात. फरक काय?

रेघेची दिशा आणि कुशीचा रंग. पिनस्ट्राइपच्या पाठीवर रांगोळीच्या चिमटीतून सोडल्यासारख्या बारीक गडद रेघा लांबीच्या दिशेने जातात, कुशीवरची नक्षी पुष्कळ कमी झालेली असते, आणि डोके तांबूस असते. स्पायडरमध्ये काळा रंग आकसून जाळीसारख्या रेघा उरतात, त्या पाठीवरून कुशीकडे आडव्या उतरतात, आणि कुशीचा खालचा भाग पांढरा, बारीक शिंतोड्यांचा असतो. पांढरी कूस दिसली की स्पायडरचा विचार आधी करावा. दोन्ही जनुके एकत्र आली तर त्या सापाला स्पिनर म्हणतात.

स्पायडरची आणखी एक खूण नक्षीत नाही, चालीत आहे. १९९९ मध्ये सिद्ध झालेल्या या मॉर्फमध्ये डोके डुलणे, मान वाकडी होणे, भक्ष्यावर झडप घालताना नेम चुकणे हा दोष कमी-अधिक प्रमाणात असतोच. २०२२ मधील एका अभ्यासात अशा सापांच्या अंतर्कर्णाची रचनाच बिघडलेली आढळली. "आमच्या वंशात डुलणे नाही" असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर मी विश्वास ठेवत नाही, आणि केवळ दिसण्यासाठी हे जनुक पुढे नेऊ नये असे माझे मत आहे. वोमा आणि शॅम्पेन या मॉर्फमध्येही हा दोष दिसतो.

१३. पाठीवर सलग पट्टा आहे. तो क्लाउन की जेनेटिक स्ट्राइप?

पट्टा गडद आणि जाड असेल, कुशी सोनेरी व बऱ्याच मोकळ्या असतील, आणि डोळ्याखाली अश्रूसारखा ओघळ असेल तर क्लाउन. पट्टा पिवळसर सोनेरी असून त्याच्या दोन्ही कडांना काळी रेघ असेल आणि कुशी सपाट तपकिरी असतील तर जेनेटिक स्ट्राइप. पट्टा तुटक असून बाजूला एलियन हेड शाबूत असतील, तर तो साधाच साप आहे.

१४. अ‍ॅक्झँथिक आणि घोस्ट दोन्ही फिके दिसतात. फरक कसा ओळखायचा?

अ‍ॅक्झँथिकमधून पिवळा रंग निघून जातो. साप कृष्णधवल फोटोसारखा काळा, राखाडी आणि पांढरा दिसतो, पण काळा रंग भरदार राहतो. घोस्टमध्ये पिवळा रंग राहतो आणि काळा रंग उतरतो. काचेवर वाफ धरल्यावर पलीकडचे दिसावे तसे सगळे धुरकट होते, जणू साप कायमच कात टाकण्याच्या बेतात आहे. म्हणून घोस्टचा निर्णय कात पडल्यानंतरच करावा. अ‍ॅक्झँथिकचे काही वंश वयाबरोबर तपकिरी पडतात, शिवाय सगळे वंश एकमेकांशी जुळत नाहीत. दोन वेगळ्या वंशांच्या अ‍ॅक्झँथिक जोडीला साधी पिल्ले झाली तर आधी वंश विचारावा.

१५. सगळा काळा साप कोणता?

बहुतेक वेळा सुपर सिनॅमन, सुपर ब्लॅक पेस्टल किंवा या दोघांची एकेक प्रत असलेला एटबॉल. सिनॅमन आणि ब्लॅक पेस्टल एकाच जनुकाची रूपे आहेत. एका प्रतीत साप दालचिनीसारखा लालसर तपकिरी किंवा त्याहून काळपट दिसतो आणि कुशीवरचे ठिपके अरुंद होतात. दोन प्रतींत नक्षी पुसली जाऊन गडद, एकरंगी साप मिळतो आणि तो वयाबरोबर तपकिरी होऊ शकतो. सुपर सिनॅमनमध्ये बदकाच्या चोचीसारखे चपटे तोंड आणि कण्यातील गाठी आढळतात, तेव्हा रंगावर भुलण्याआधी तोंड बाजूने पाहावे.

१६. यलोबेली खरोखर ओळखता येतो का? मला तर साधाच वाटतो.

पोटाच्या फोटोचा माझा आग्रह याच मॉर्फसाठी आहे. वरून पाहिल्यास यलोबेली साध्या सापाचा थोडा स्वच्छ भाऊ वाटतो. पोट उलटून पाहिले तर मधला भाग निर्मळ, पिवळसर असतो आणि दोन्ही कडांना, जिथे पोट आणि कूस मिळतात, तिथे गडद-फिकट चौकटींची किनार असते. कुशीवर पोटाकडून ज्वाळा चढलेल्या दिसतात. या खुणा असूनही अनुभवी लोक चुकतात, म्हणून मी "बहुधा यलोबेली" याच्या पुढे जात नाही.

खात्री करण्याचा जुना मार्ग म्हणजे त्याची पिल्ले. यलोबेलीच्या गटात स्पेक्टर, ग्रॅव्हल, अस्फाल्ट ही भावंडे आहेत. यलोबेली आणि स्पेक्टर एकत्र आले तर ठळक पट्ट्याचा सुपरस्ट्राइप होतो, ग्रॅव्हलबरोबर हायवे आणि अस्फाल्टबरोबर फ्रीवे. अशी पिल्ले निघाली की वाद मिटतो.

१७. हेट साप दिसण्यावरून ओळखता येतो, असे म्हणतात. खरे आहे का?

पुरावा म्हणून खरे नाही. हेट पायबॉल्डच्या पोटावर गुदद्वाराच्या अलीकडे लोकलच्या रुळांसारख्या दोन समांतर बारीक रेघा असू शकतात, आणि काहींच्या शेपटीजवळ पांढरे कडे असते. पण या दोन्ही गोष्टी हेट नसलेल्या सापांतही आढळतात, आणि अनेक खऱ्या हेट सापांत आढळत नाहीत.

येथेच "६६ टक्के हेट" या शब्दप्रयोगाचा घोळ सांगतो. दोन हेट सापांच्या पिल्लांपैकी सरासरी एक चतुर्थांश मॉर्फ दिसतात, निम्मी हेट असतात आणि एक चतुर्थांशांत ते जनुकच नसते. दिसायला साध्या असलेल्या पिल्लांत हेट आणि बिनहेट यांचे प्रमाण दोनास एक पडते. प्रत्येक पिल्लू एकतर पूर्ण हेट असते किंवा मुळीच नसते. ६६ टक्के ही आपल्या अज्ञानाची मोजदाद आहे, सापातल्या जनुकाची नव्हे. त्यासाठी पूर्ण हेटची किंमत मोजू नये.

१८. कातीवरून डीएनए तपासणी होते असे ऐकले. मग खुणा कशाला शिकायच्या?

परदेशातील काही प्रयोगशाळा टाकलेल्या कातीच्या तुकड्यावरून ठरावीक मॉर्फची तपासणी करतात, आणि हेटच्या बाबतीत तोच विश्वासार्ह मार्ग आहे. मात्र सगळ्या मॉर्फसाठी चाचणी उपलब्ध नाही, आणि कोणते जनुक तपासायचे हे आधी सांगावे लागते. ते सांगण्यासाठी खुणाच लागतात.

१९. बंबलबी, फायरफ्लाय, लेमन ब्लास्ट ही नावे कुठल्या मॉर्फची आहेत?

ही जोडण्यांची नावे आहेत. बंबलबी म्हणजे पेस्टल आणि स्पायडर, फायरफ्लाय म्हणजे पेस्टल आणि फायर, लेमन ब्लास्ट म्हणजे पेस्टल आणि पिनस्ट्राइप, प्यूटर म्हणजे पेस्टल आणि सिनॅमन. नाव पाठ करण्याऐवजी विक्रेत्याला घटक जनुके विचारावीत आणि प्रत्येकाची खूण सापावर शोधावी. उदाहरणार्थ, बंबलबीमध्ये स्पायडरची पांढरी कूस आणि जाळी शाबूत असते, फक्त रंग पेस्टलमुळे उजळतो.

२०. भारतात बॉल पायथन ठेवण्यासाठी मॉर्फची नोंद करावी लागते का?

नोंद प्राण्याची होते आणि ती प्रजातीच्या नावाने होते. बॉल पायथन साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो चौथ्या अनुसूचीत मोडतो. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २०२४ च्या नियमांनुसार परिवेश २.० या पोर्टलवर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करायची असते. विनापरवाना आयात हा गुन्हा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक जप्त केले होते. कागद नसलेल्या सापाचा फोटो मला मॉर्फ विचारण्यासाठी आला, तर मी मॉर्फ सांगत नाही.

२१. माझ्या अल्बिनोच्या अंगावर एक ठळक काळा डाग आहे. मग तो अल्बिनो नाही का?

तो अल्बिनो असू शकतो. त्याच्या जनुकांनुसार जो रंग असायला नको तो एखाद्या जागी उमटला, तर अशा सापाला पॅराडॉक्स म्हणतात. हे बहुतेक वेळा पुढच्या पिढीत उतरत नाही, म्हणून त्याला मॉर्फ समजू नये. आधी तो डाग भाजल्याचा किंवा जखमेचा तर नाही ना, हे पाहावे. हीट मॅटला चिकटून बसल्याने पोटावर पडलेले डाग मला एकापेक्षा अधिक वेळा पॅराडॉक्स म्हणून पाठवले गेले आहेत. तसे असेल तर पशुवैद्याला दाखवावे.

२२. विक्रेता म्हणतो की या पांढऱ्या सापात पेस्टल, एंची आणि पिनस्ट्राइपही आहे. खुणांवरून पडताळता येईल का?

निळ्या डोळ्यांच्या शुभ्र सापात पडताळता येत नाही. ज्या जनुकांच्या खुणा रंगाच्या भाषेत लिहिल्या जातात, त्यांना लिहायला तिथे रंगच उरलेला नसतो. काही पांढऱ्या सापांच्या पाठीवर कात टाकल्यानंतर तिरक्या उजेडात फिकट पिवळी नक्षी जाणवते आणि तिच्यावरून तर्क करता येतो, पण तो तर्कच राहतो. अल्बिनोमध्ये परिस्थिती थोडी बरी असते: रंगावर उभ्या असलेल्या खुणा, उदाहरणार्थ सिनॅमनचा गडदपणा, झाकल्या जातात, पण पिनस्ट्राइपची रेघ किंवा क्लाउनचा पट्टा पिवळ्या-पांढऱ्यातही वाचता येतो. सुपर सिनॅमनच्या काळ्या अंगाखालीही बरेच काही लपते.

अशा वेळी सापाऐवजी त्याच्या आईबापांचे आणि एकाच वेतातल्या भावंडांचे फोटो मागावेत. भावंडांपैकी कोणीच पिनस्ट्राइप नसेल आणि आईबापांतही ती रेघ दिसत नसेल, तर पांढऱ्या पिल्लात ती कुठून आली हे विक्रेत्यानेच सांगायचे आहे.